देविकाराणीची मालाडमधली अकरा वर्षं

देविकाराणीचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास निघतात. एक म्हणजे १९३३ सालच्या 'कर्मा'तलं चुंबन आणि दुसरी म्हणजे नज्मुल हसन नावाच्या नायकाबरोबर तिने केलेलं पलायन. पैकी पहिल्या गोष्टीचा तर पार पुराणातला प्रसंग झाला आहे. ते चुंबन किती मिनिटांचं होतं याचे आकडे दरवर्षी वाढत असतात. प्रत्यक्ष चित्रपट पाहिला तर दिसतं ते असं: राजपुत्राला साप चावला आहे, तो निपचित पडला आहे आणि त्याने डोळे उघडावेत म्हणून कासावीस झालेली राजकन्या त्याला कुरवाळते आहे, चुंबनं घेते आहे. त्यात शृंगारापेक्षा घालमेल जास्त आहे. शिवाय हा राजपुत्र म्हणजे तिचा लग्नाचा नवरा, हिमांशू राय.

या दोन गोष्टींच्या आड तिचं खरं काम झाकलं गेलं, असं मला मनापासून वाटतं. १९३४ ते १९४५ या अकरा वर्षांत मालाडच्या एका आवारात हिंदी सिनेमाची जी घडी बसली, ती बसवणाऱ्या मोजक्या माणसांत ही बंगाली बाई होती. त्यातली शेवटची पाच वर्षं तर ती त्या आवाराची सर्वेसर्वा होती. नटी म्हणून तिच्याबद्दल मतभेद होऊ शकतात, आणि माझे आहेतही. पण कारखाना चालवणारी बाई म्हणून तिच्या तोडीचं दुसरं नाव त्या काळात सापडत नाही.

तिचा जन्म बंगालातला नाही. ३० मार्च १९०८ रोजी ती वाल्टेअरला, म्हणजे आजच्या विशाखापट्टणमला जन्मली. तेव्हा तो भाग मद्रास इलाख्यात होता. वडील कर्नल मन्मथनाथ चौधुरी डॉक्टर होते आणि मद्रास इलाख्याचे पहिले भारतीय सर्जन जनरल झाले. घराणं मूळचं पूर्व बंगालच्या पाबना जिल्ह्यातलं आणि ठाकूरबाडीशी आईकडून-वडिलांकडून दोन्हीकडून नातं, त्यामुळे रवींद्रनाथ घरचेच. बांगला गद्याला बोलीभाषेचं वळण लावणारे प्रमथ चौधुरी तिचे काका, आणि पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले जनरल जयंतनाथ चौधुरी याच कुटुंबातले. अशा घरातल्या मुलीला नवव्या वर्षी शिकायला इंग्लंडला धाडलं गेलं. तिथे रॉयल अॅकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये नाट्यशिक्षण झालं, संगीत झालं, आणि कापडावरच्या नक्षीकामाचं शिक्षणही झालं. या नक्षीकामामुळेच ती सिनेमात आली.

१९२८ साली लंडनमध्ये तिची गाठ हिमांशू राय यांच्याशी पडली. राय बंगालीच, शिक्षणाने वकील, पण डोक्यात सिनेमाने ठाण मांडलेलं. 'प्रपंच पाश' या त्यांच्या मूकपटासाठी वेशभूषा आणि सजावटीच्या कामात मदत करायला ती आली, आणि १९२९ साली दोघांचं लग्न झालं. पुढे दोघं जर्मनीला गेले. बर्लिनची उफा कंपनी तेव्हा युरोपातली अव्वल चित्रसंस्था होती. तिथे प्रकाशयोजना, रंगभूषा, सेटची उभारणी ही कामं तिने जवळून पाहिली. नटीने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि घरी जायचं, एवढ्यावर तिचं शिक्षण थांबलं नाही. मालाडला ते पदोपदी उपयोगी पडलं.

'कर्मा' इंग्रजीत आणि हिंदीत असा दोनदा काढला होता. मे १९३३ मध्ये लंडनला तो लागला तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी तिच्या रूपाचं आणि इंग्रजीचं तोंडभरून कौतुक केलं. हिंदुस्थानात मात्र चित्रपट पडला. राय दांपत्याला त्यातून एक गोष्ट कळली असावी, की साहेबाला दाखवण्याजोगा हिंदुस्थान रंगवण्यापेक्षा हिंदुस्थानातल्या प्रेक्षकासाठी सिनेमा काढावा.

त्यासाठी त्यांनी मुंबई निवडली. १९३४ साली बाँबे टॉकीज ही कंपनी स्थापन झाली, तीही भागधारकांची, रीतसर नोंदलेली. राजनारायण दुबे यांनी भांडवलाची बाजू उचलली. मालाडला एफ. ई. दिनशा यांचा उन्हाळी बंगला आणि भोवतीची जागा मिळाली. त्या काळी मालाड म्हणजे मुंबईबाहेरचं गाव. झाडं, वाड्या, शेतं. गोंगाट नाही, म्हणून ध्वनिमुद्रणाला उत्तम. बंगल्याच्या आवारात ध्वनिरोधक स्टुडिओ, प्रयोगशाळा, संकलनाच्या खोल्या, चित्रपट पाहण्याची खोली, सगळं एकाच कुंपणात उभं राहिलं. जर्मनीहून दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायाचित्रकार योसेफ विर्शिंग, सेटचे जाणकार कार्ल फॉन श्प्रेटी आणि आणखी तंत्रज्ञ आले. ऑस्टेनना हिंदी येत नव्हतं, तरी त्यांनी इथे डझनावर हिंदी बोलपट दिग्दर्शित केले. कथा लिहायला बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल होते, संवादांना जे. एस. कश्यप. संगीताला खुर्शीद मिनोचर होमजी ही पारशी मुलगी. पंडित भातखंड्यांकडे शिकलेली. आपल्या समाजातल्या मुली सिनेमात जातात म्हणून पारशी पंचांनी गदारोळ केला, तेव्हा तिने सरस्वतीदेवी हे नाव घेतलं आणि तिच्या बहिणीने चंद्रप्रभा. संकलनाच्या खोलीत दत्ताराम पै होते.

इतक्या वेगवेगळ्या मुलखांतली माणसं एका आवारात, हे वाचताना मला मी राहतो ती जागा आठवते. चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरजवळ ओरगडम नावाची औद्योगिक वसाहत आहे. नोकरीनिमित्त इथे राहणाऱ्या मराठी माणसांपैकी मी एक. इथे एका जर्मन कंपनीचा ट्रकचा कारखाना आहे, शेजारी मोटारींचे आणि मोटारसायकलींचे कारखाने आहेत. तमिळ, बंगाली, ओडिया, मराठी माणसं एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी समजून एकाच पाळीत काम करतात, आणि अधूनमधून जर्मन अभियंतेही दिसतात. बाँबे टॉकीजबद्दल वाचताना मला म्हणूनच फारसं नवल वाटत नाही. कानडी मुलखातून आलेली मराठी नटी लीला चिटणीस, खांडव्याचा बंगाली तरुण अशोककुमार, पारशी संगीतकार आणि म्युनिकचा कॅमेरामन एका सेटवर एकमेकांचं काम कसं समजून घेत असतील, हे इथे रोज डोळ्यांनी दिसतं. आणि देविकाराणीचे वडील ज्या मद्रास इलाख्याच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख होते, त्याच इलाख्याच्या चिंगलपट जिल्ह्यातला हा भाग.

पहिला चित्रपट 'जवानी की हवा' १९३५ सालचा. बराचसा आगगाडीत घडणारा रहस्यपट. नायक नज्मुल हसन, नायिका देविका. पुढच्या 'जीवन नैया'चं काम चालू असताना ही जोडी कलकत्त्याला निघून गेली. कंपनी नवी, पैसे गुंतलेले, अर्धा चित्रपट तयार आणि मालकाचीच बायको गायब. ध्वनिमुद्रण विभागातल्या शशधर मुखर्जींनी मध्यस्थी करून तिला परत आणलं. सआदत हसन मंटोने हा सगळा प्रकार अशोककुमारवरच्या लेखात लिहून ठेवला आहे. नज्मुल हसनला कंपनीत परत जागा मिळाली नाही. मग नायक कोण? रायसाहेबांची नजर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुमुदलाल गांगुली या मुखर्जींच्या मेव्हण्याकडे, म्हणजे पुढच्या अशोककुमारकडे, गेली. या पोराचा जबडा पडद्याला चालायचा नाही, असं ऑस्टेनचं मत होतं, ही आठवण अशोककुमार पुढे हसत हसत सांगत. वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडून तंत्रज्ञ व्हायला आलेला हा मुलगा मालकिणीबरोबर प्रेमप्रसंग करायचा म्हणून घाबरून गेला होता.

या नव्या जोडीचा 'अछूत कन्या' १९३६ साली आला. तो अजूनही पाहायला मिळतो, आणि ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. रेल्वेच्या फाटकावरचा पहारेकरी दुखिया हा अस्पृश्य. गावातल्या ब्राह्मण दुकानदाराला साप चावतो, तेव्हा दुखिया जखमेला तोंड लावून विष ओढून काढतो आणि त्याचा जीव वाचवतो. दोघांची मैत्री होते. दुखियाची कस्तुरी आणि दुकानदाराचा प्रताप एकत्र वाढतात, पण लग्न मात्र होऊ शकत नाही. शेवटी रुळांवर दोन पुरुष मारामारी करत असतात, गाडी येत असते, आणि ती थांबवायला धावलेली कस्तुरी गाडीखाली सापडते.

यातला झाडाच्या फांदीवर बसून गायलेल्या गाण्याचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. तेव्हा पार्श्वगायन या स्टुडिओत नव्हतं. नट-नटीने कॅमेऱ्यासमोरच गायचं, वादकांनी चौकटीच्या बाहेर पण मायक्रोफोनच्या टप्प्यात बसून वाजवायचं. त्यामुळे दोघांनाही हलायची फार मुभा नाही. अशोककुमार अवघडलेला आहे. हाताचं काय करावं ते त्याला कळत नाही. देविकाचा आवाज बारीक, कच्चा, गळा तयार नसलेला. पण नजर पाहा. ती त्याच्याकडे पाहून त्याला सांभाळून घेते, त्याची ओळ संपायच्या आधी हलकेच मान हलवते, जणू चल, आता माझी पाळी. नवख्या नटाला पदरात घेणारी अनुभवी नटी त्या दीड-दोन मिनिटांत स्पष्ट दिसते. विर्शिंगने तिच्या चेहऱ्यावर टाकलेला उजेड तर असा, की डोळे आधी दिसतात आणि बाकीचा चेहरा नंतर.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. कोरलेल्या भुवया, नेटकी रंगभूषा आणि इंग्रजी वळणाचे उच्चार घेऊन वावरणारी ही कस्तुरी खेड्यातली वाटत नाही. याच सुमाराला पुण्यात प्रभातमध्ये शांता आपटे 'कुंकू'साठी उभी राहिली, तेव्हा तिच्या अंगात जी धग होती ती देविकेत नाही. देविकेचा अभिनय नाजूक, मापात बसवलेला. दुःख दाखवतानाही ती चौकट मोडत नाही. 'जन्मभूमी', 'जीवन प्रभात', मराठे आणि भिल्ल यांच्या संघर्षावरचा 'इज्जत', 'सावित्री', 'निर्मला', 'वचन', 'दुर्गा' हे सगळे १९३६ ते १९३९ मधले चित्रपट. पण कस्तुरीइतकी दुसरी कुठली भूमिका लोकांच्या मनात राहिली नाही. उभ्या कारकिर्दीतले तिचे चित्रपट पंधराच्या आसपास.

तिच्या घराण्याचा मात्र तिच्यापेक्षा इतर बायकांना जास्त उपयोग झाला. सिनेमात जाणाऱ्या बाईकडे समाज कसा पाहत होता हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, शेवटी अण्णा साळुंके या तरुणाने लुगडं नेसून ती केली; मग दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई 'मोहिनी भस्मासुर'मध्ये उभ्या राहिल्या. १९३२ साली दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'त आल्या तेव्हा घरंदाज बाई पडद्यावर आली म्हणून मोठी चर्चा झाली. त्याच दुर्गाबाई १९३३-३४ मध्ये 'राजरानी मीरा' आणि 'सीता'साठी कलकत्त्याला गेल्या, आणि त्यानंतर लगेच ठाकूरांच्या नात्यातली देविका मुंबईत आली. दोघींच्या या उलटसुलट प्रवासाने दोन्हीकडच्या मध्यमवर्गाचे दरवाजे थोडे किलकिले झाले. शिकलेल्या मुलीला कामाला बोलावताना बाँबे टॉकीजला सांगायला एक आधार होता: मालकीण स्वतः काम करते आहे.

लीला चिटणीस याच दरवाजातून आल्या. धारवाडच्या, पदवीधर, नाट्यमन्वंतर या नाटकमंडळीतून पुढे आलेल्या. १९३९ साली 'कंगन'मध्ये अशोककुमारबरोबर त्या झळकल्या, मग 'बंधन', मग 'झूला'. बघता बघता बाँबे टॉकीजची पहिली नायिका देविका राहिली नाही, लीलाबाई झाल्या. स्नेहप्रभा प्रधान 'पुनर्मिलन'मध्ये आल्या. आणि हंसा वाडकर. 'सांगत्ये ऐका' हे त्यांचं आत्मचरित्र वाचलेल्या कुणालाही त्यांच्या आयुष्यातली फरपट ठाऊक आहे. त्याच हंसाबाई मालाडला 'नवजीवन' आणि देविकेबरोबर 'दुर्गा'मध्ये होत्या. या आवारातली शिस्त सिनेमाच्या धंद्यात दुर्मीळ होती. ठरलेल्या वेळी यायचं, महिन्याचा पगार घ्यायचा. जातपात न बघता एकत्र जेवण.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारने जर्मन मंडळींना उचललं. 'कंगन'चं काम तेव्हा चालू होतं. ऑस्टेन नाझी पक्षाचे सदस्य होते; त्यांना नंतर मायदेशी जाऊ दिलं. विर्शिंगला मात्र युद्ध संपेपर्यंत स्थानबद्धतेत काढावं लागलं. कंपनीचा कणाच मोडला. हिमांशू राय आधीच कामाने पिचलेले, मनाने खचलेले होते. मे १९४० मध्ये ते गेले. देविका तेव्हा बत्तीस वर्षांची.

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निर्मितीची सूत्रं तिने हातात घेतली. भागधारक, संचालक मंडळ, सरकारचे निर्बंध, पुढे १९४३ मध्ये कच्च्या फिल्मवर आलेलं नियंत्रण, हे सगळं तिच्या टेबलावर आलं. जुलै १९३९ मध्ये पुण्यात शांता आपटे पगाराच्या तक्रारीसाठी प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली होती. स्टुडिओत नटीची जागा तेव्हा काय होती ते त्यावरून कळतं. त्यानंतर वर्षाच्या आत मालाडच्या फाटकाआत एक नटी खुर्चीत बसून इतरांचे पगार ठरवत होती.

खुर्ची सुखाची नव्हती. कंपनीत दोन तट पडले. एकीकडे देविका आणि दिग्दर्शक अमिय चक्रवर्ती, दुसरीकडे शशधर मुखर्जी आणि अशोककुमार. दोन्ही गट आळीपाळीने चित्रपट काढत. देविकेच्या गटाचा 'बसंत' १९४२ मध्ये जोरात चालला. त्यात मुमताज नावाची एक चिमुरडी होती, तीच पुढे मधुबाला झाली. मुखर्जी गटाचा 'किस्मत' १९४३ मध्ये आला आणि कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तीन वर्षांहून जास्त काळ मुक्काम ठोकून बसला. ज्ञान मुखर्जींनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटाने चोराला नायक केलं. त्याच वर्षी हा गट बाहेर पडला आणि गोरेगावला फिल्मिस्तान उभं राहिलं. देविकेच्या हातून सर्वांत मोठा नायक, सर्वांत कर्तबगार निर्माता आणि बरेच तंत्रज्ञ एका फटक्यात गेले. ती त्याच वर्षी 'हमारी बात'मध्ये जयराजबरोबर शेवटची पडद्यावर दिसली. त्यात छोट्याशा भूमिकेत राज कपूर होता.

नायक शोधणं भाग होतं, आणि तिने तो आधीच शोधून ठेवला होता. पुण्यात लष्कराच्या कॅन्टीनमध्ये काम करून मुंबईला परतलेला युसूफ खान नावाचा फळवाल्याचा मुलगा १९४२ साली चर्चगेट स्टेशनवर कामाच्या शोधात उभा होता. ओळखीचे डॉ. मसानी भेटले; ते मालाडला निघालेच होते, त्याला बरोबर घेऊन गेले. देविकाराणीने त्याला काही प्रश्न विचारले. उर्दू येतं का? सिगारेट ओढता का? अभिनय केला आहे का? आणि महिना साडेबाराशे रुपयांची नोकरी देऊ केली. दिलीपकुमारांनी आत्मचरित्रात लिहिलंय की हा आकडा वर्षाचा असणार, असंच घरी सगळ्यांना वाटलं. खात्री करायला पुन्हा मसानींकडे जावं लागलं. नावही तिनेच सुचवलं. 'ज्वार भाटा' १९४४ मध्ये आला आणि पडला, पण तिची निवड चुकली नव्हती हे पुढच्या पन्नास वर्षांनी दाखवून दिलं.

युद्धकाळातली पाच वर्षं तिने हा डोलारा सांभाळला. अशोककुमार, लीला चिटणीस, मधुबाला, दिलीपकुमार ही एकाच फाटकातून बाहेर पडलेली नावं पाहिली, की १९४० आणि १९५० च्या दशकातल्या हिंदी सिनेमाचं अर्धं श्रेय मालाडच्या खात्यावर मांडावं लागतं.

१९४५ साली तिने आपले भाग विकले आणि सिनेमा सोडला. रशियन चित्रकार निकोलाय रोरिक यांचा मुलगा, स्वतः नामांकित चित्रकार असलेल्या स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी ऑगस्टमध्ये तिने लग्न केलं. आधी कुलू खोऱ्यात, मग बंगळूरजवळ कनकपुरा रस्त्यावरच्या तातगुणीच्या साडेचारशेहून अधिक एकरांच्या मळ्यात दोघं राहिली. तिथे सुगंधी तेल देणाऱ्या लिनालोच्या झाडांची लागवड होती. सदतिसाव्या वर्षी सोडलेल्या धंद्याकडे तिने परत वळून पाहिलं नाही. लीलाबाईंनी 'चंदेरी दुनियेत' लिहिलं, दुर्गा खोटे यांनी आणि हंसाबाईंनी आपापली कहाणी सांगितली. देविकेने आत्मचरित्र लिहिलंच नाही. चुंबनाच्या आणि पलायनाच्या गोष्टी मोकाट सुटल्या त्या यामुळेही.

१९५८ मध्ये पद्मश्री मिळाली. दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान तिचा; फाळक्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९७० मध्ये, तो तिला देण्यात आला. ज्यांना नायिका सापडत नव्हती त्यांच्या नावाचा पहिला पुरस्कार एका नायिकेला मिळावा, ही निवड मला फार मोलाची वाटते.

बाँबे टॉकीज १९५४ पर्यंत कशीबशी चालली. मधल्या काळात अशोककुमार परत आले, 'जिद्दी' आणि 'महल' निघाले. विर्शिंग स्थानबद्धतेतून सुटून इथेच राहिला. 'महल'मधल्या त्या सावल्या त्याच्याच. १९६७ मध्ये तो मुंबईतच वारला. त्याने मालाडला काढलेल्या छायाचित्रांचं प्रदर्शन २०१७ साली गोव्यातल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात भरलं होतं. मालाड पश्चिमेला बाँबे टॉकीज कंपाऊंड हे नाव टिकून आहे. आत मात्र छोटे कारखाने आणि गाळे.

स्वेतोस्लाव जानेवारी १९९३ मध्ये वारले आणि देविका ९ मार्च १९९४ रोजी बंगळूरला वारली. मूलबाळ नव्हतं. तातगुणीच्या मळ्यावरून वाद सुरू झाले. १९९६ मध्ये कर्नाटक सरकारने खास कायदा करून तो ताब्यात घेतला; जमीन विकत घेतल्याचा दावा करणारी कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. ९ ऑगस्ट २०११ रोजी घटनापीठाने सरकारचा कायदा वैध ठरवला आणि मालमत्तेच्या हक्काविषयीच्या ३००-अ या कलमाचा सविस्तर अर्थ लावला. तो निकाल आज देशभर कायद्याच्या वर्गांत शिकवला जातो. ज्या कायद्यावर तो निकाल आहे, त्याच्या शीर्षकातच देविकाराणी रोरिक हे नाव आहे.